एकवीस गिनींचे रुपये किती?

मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात १८९६ च्या जुलै महिन्यात लुमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा जो खेळ झाला, तो पाहून हे यंत्र आपल्याही संग्रही असलेच पाहिजे असे ज्या मराठी छायाचित्रकाराच्या मनाने घेतले, त्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून एकवीस गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरील कुस्तीवर तो रोखला, ही हकीकत आपल्याकडील चित्रपटाच्या इतिहासात पहिल्या दोनचार पानांतच भेटते. एकवीस गिनींचे रुपये किती झाले, हे मात्र कोणी इतिहासकार सांगत नाही. इतिहासकारास आकडा पुरतो. ज्याला पैसे मोजावयाचे असतात त्याला हुंडणावळीचा दर ठाऊक असावा लागतो.

एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा कॅमेऱ्याची किंमत ४४१ शिलिंग झाली. आता १८७० च्या आसपास, रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत त्या काळी, कोणी एवढ्याच शिलिंगांची वस्तू मागवली असती तर तीस २२० रुपये ८ आणे पडले असते. पुढे जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारून आपली चांदी बाजारात ओतली, अमेरिकेतील खाणींनी तीत भर घातली, आणि ज्या देशाचा रुपया निव्वळ चांदीचा त्या देशाची पत चांदीबरोबर घसरत जाऊन १८९४-९५ मध्ये रुपया जेमतेम एक शिलिंग एक पेनीवर येऊन ठेपला. त्या दराने तीच वस्तू ४०७ रुपयांच्या घरात गेली असती. सावेदादांचे नशीब असे की त्यांच्या मागणीच्या सुमारास दर पुन्हा वर सरकत होता आणि १८९८ पर्यंत तो एक शिलिंग चार पेन्सांस जाऊन भिडला; या दराने हिशेब केला तर ३३० रुपये १२ आणे होतात.

हा दर आपोआप वर चढला नव्हता. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेस जी रक्कम पाठवावी लागे, तीत निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी होत्या, रेल्वेच्या कर्जावरील व्याज होते, इंडिया ऑफिसचा खर्च होता, आणि ही सारी देणी पौंडांत असल्यामुळे रुपया जसजसा उतरे तसतसा येथील तिजोरीला खड्डा पडे. म्हणून १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळीची दारे रयतेच्या चांदीला बंद केली, रुपये दुर्मीळ झाले आणि त्यांचा भाव सुधारला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापुढे केनेडी ब्रिजजवळच्या एका छायाचित्रकाराचे हित होते असे समजण्याचे कारण नाही, तथापि गोऱ्या साहेबांच्या पेन्शनीची तजवीज करता करता त्याचा कॅमेरा पाऊणशे रुपयांनी स्वस्त झाला खरा. याच दरवाढीने चीनकडे सूत पाठवणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांची मात्र पंचाईत केली, कारण चांदीच वापरणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला आपले सूत एकाएकी महाग झाले.

चित्रपट काढण्याचे साहित्य आणण्यासाठी दादासाहेब फाळके १९१२ च्या आरंभी विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून, कर्जाऊ रुपये गाठीस बांधून लंडनला गेले, तेव्हा पौंडास पंधरा रुपये, म्हणजे तोच एक शिलिंग चार पेन्सांचा दर कायम होऊन बारातेरा वर्षे लोटली होती. तेथे त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा पन्नास पौंडांना विकत घेतला, म्हणजे ७५० रुपयांना; छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदवली, आणि एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले. या खरेदीत माझ्या दृष्टीने लक्षणीय आहे ते हे की कर्जातील प्रत्येक हजार रुपयांचे लंडनात ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स होणार, हे त्यांना मुंबईच्या धक्क्यावर उभे असतानाच ठाऊक होते, आणि बोट एडनला पोहोचेपर्यंत तो आकडा हलणार नव्हता. पंधराचा भाव स्वस्त होता की महाग, यावर त्या काळच्या अर्थशास्त्र्यांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे. पण उसन्या पैशावर उद्योग मांडणाऱ्या माणसाला स्वस्ताईपेक्षा निश्चिती अधिक मोलाची असते, कारण महाग वस्तूचा तो आधी विचार करू शकतो, किंवा ती न घेण्याचा निर्णय करू शकतो, पण मागणी नोंदवल्यानंतर महाग झालेल्या वस्तूपुढे त्याचा इलाज चालत नाही.

या विधानास पुरावा हवा असेल तर आठच वर्षे पुढे यावे. पहिल्या महायुद्धात चांदीचे भाव भडकले, त्यांच्याबरोबर रुपयाही उडाला, आणि १९२० च्या प्रारंभी तो अडीच शिलिंगांच्याही वर गेला. चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने दोन शिलिंगांचा सोन्याचा दर कायम करावा असा अभिप्राय दिला, दादीबा दलाल या एकाच हिंदी सभासदाने त्यास विरोध नोंदवला, आणि बहुमताप्रमाणे सरकारने तसे केले. विलायती माल इतका स्वस्त झालेला पाहून व्यापाऱ्यांनी मागण्यांचा वर्षाव केला. दोन शिलिंग आठ पेन्सांच्या दराने पन्नास पौंडांचा कॅमेरा ३७५ रुपयांना पडत होता, फाळक्यांनी मोजले त्याच्या नेमक्या निम्म्यात! परंतु विलायतेतील कारखाने युद्धातून नुकतेच मोकळे झालेले, माल तयार होऊन जहाजावर चढण्यास महिने लागत, आणि तोवर चांदी कोसळली, निर्यात थंडावली, सरकारचा खजिना दर सावरता सावरता दमला, व १९२१ च्या पूर्वार्धात रुपया एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली घसरला. जो माल ३७५ चा समजून मागवला त्याचे देणे ७५० च्या वर गेले. पुष्कळ आयातदारांनी माल सोडवण्याचेच नाकारले, बंदरातील गोदामे तुंबली आणि वकिलांचे दिवस पालटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध याच धामधुमीच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. रुपयाची देशांतर्गत क्रयशक्तीच जोवर स्थिर नाही तोवर हुंडणावळीचा दर कृत्रिमपणे स्थिर ठेवणे व्यर्थ आहे, हे त्यांचे प्रतिपादन. आणि दर उतरवल्याने निर्यातदाराच्या पदरी पडणारा नफा अखेरीस मजुराच्या वेतनातूनच निघतो, हेही त्यांनीच पुढे स्पष्ट केले.

ध्वनिपटाच्या आगमनाची कथाही याच जातीची. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधला गेला होता. ‘आलम आरा’ १९३१ च्या मार्चमध्ये झळकला, आणि अमेरिकेहून ध्वनियंत्रे व नवे कॅमेरे आणण्यास येथील निर्माते निघतात न निघतात तोच सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. रुपया पौंडाच्या दावणीला बांधलेला असल्यामुळे पौंडाबरोबर तोही डॉलरपुढे लोळला. पावणेतीन रुपयांचा डॉलर वर्ष संपण्याच्या आत चार रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे विल्यमसनचा कॅमेरा होता त्याच भावाने मिळत राहिला आणि ज्याची आता खरी गरज होती तो अमेरिकन सरंजाम चाळीस टक्क्यांहून अधिक महागला. फाळक्यांना लाभलेली निश्चिती ती हीच, फक्त या खेपेस ती भलत्या दुकानापुरती होती.

जपानी कॅमेऱ्याचा उदय हे तर दरानेच लिहिलेले प्रकरण म्हणावे. १९४९ मध्ये डॉलरला ३६० येन असा दर ठरला. दुसऱ्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन यांनी निकॉनची भिंगे जर्मन भिंगांच्या तोडीची आहेत हे जगास दाखवले. गुणवत्ता आणि स्वस्ताई एकत्र आल्यावर जर्मन कारखानदारांना पुढील दोन दशकांत जे भोगावे लागले ते सर्वविदित आहे. आपल्यापुरते पाहावयाचे तर ३६,००० येनांचा कॅमेरा शंभर डॉलरांचा, आणि ४ रुपये ७६ पैशांच्या दराने ४७६ रुपयांचा होई. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपयांचा झाला आणि तोच कॅमेरा ७५० रुपयांवर गेला. विल्यमसनच्या कॅमेऱ्याचा आकडा येथे पुन्हा उगवला, हा निव्वळ अंकांचा खोडसाळपणा होय.

पण हे दोन्ही आकडे कागदी होते. परकीय चलनाचा परवाना हौशी माणसाला कोण देणार? सरकारी दर वर्तमानपत्रात छापून येई आणि प्रत्यक्ष सौदा मुंबईच्या मुसाफिरखान्यात, चोरट्या मालाच्या बाजारात होई, जेथे किमतीत काळ्या बाजारातील डॉलरचा भाव, आणणाऱ्याची जोखीम आणि मध्यस्थाची दस्तुरी ही तिन्ही मुरलेली असत. त्या काळात अवमूल्यनाने कॅमेरे किती महागले हे विचारणाऱ्यास बोरा बाजारातला कोणीही दुकानदार हसला असता. ज्या दराने आपणांस चलन मिळतच नाही, त्या दराला दर म्हणणे हाच मुळी विनोद आहे.

आता परवान्याची अडचण राहिली नाही, आणि म्हणूनच माझ्या भाच्याने टोकियोला जाण्यापूर्वी मोठ्या उत्साहाने मला सुनावले, “मामा, येन पडलाय, आत्ताच घ्यायचा कॅमेरा!” त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. २०१२ मध्ये शंभर येनांना पासष्ट-सत्तर रुपये पडत. २०२४ च्या जुलैत येन डॉलरला १६१ च्या पुढे, सदतीस वर्षांतील तळाला गेला, तेव्हा बावन्न रुपये पुरत. मधल्या काळात डॉलर त्रेपन्नावरून त्र्याऐंशीवर गेलेला असूनही येनापुढे आपला रुपया सशक्त झाला, ही गोष्ट डॉलरवरच दृष्टी खिळलेल्यांच्या ध्यानात येत नाही. तीन लाख येनांचा कॅमेरा दोन लाखांऐवजी एक लाख छप्पन्न हजारांत, शिवाय पारपत्र दाखवले की जपानचा दहा टक्के उपभोगकर माफ. हा झाला मोह.

मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. परकीय चलनातील खर्चावर बँक आपली दोन-साडेतीन टक्के आकारणी करते. दुकानातील यंत्र ‘रुपयांत देता की येनमध्ये’ असे अदबीने विचारते, तेव्हा रुपये म्हणणारा आणखी काही टक्क्यांना बुडतो. परत येताना, त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, पन्नास हजारांपुढील किमतीवर ३८.५ टक्के जकात, म्हणजे एक लाख सहा हजारांवर चाळीस हजार आठशे रुपये. येथवर दराचा लाभ जवळजवळ संपतो. वर सोनीचे जपानी बाजारातील पुष्कळ कॅमेरे फक्त जपानी भाषेतच बोलतात, आणि हमी बहुधा त्याच देशापुरती असते. भाचा म्हणाला, “पण जकात सगळेच कुठे भरतात?” हे वाक्य मी मुसाफिरखान्याच्या काळात पुष्कळ ऐकलेले होते. मी त्याला एवढेच सांगितले की नव्या यंत्राचा नाद सोड. शिंजुकूच्या दुकानांत जुनी भिंगे उत्तम स्थितीत मिळतात, त्यांना भाषेची अडचण नाही, आणि एखादे चांगले भिंग पन्नास हजारांच्या आत सहज बसते. त्याने दोन भिंगे आणली. दोहोंची मिळून किंमत एकोणपन्नास हजार झाली असे तो सांगतो, आणि पावत्या जपानीत असल्यामुळे मी त्यांची रुजुवात घालू शकलेलो नाही.