एरिकचे अश्रू आणि ईव्हाचे अडीच शिलिंग

जे. बी. प्रीस्टली यांच्या १९४५ सालच्या ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातील एरिक बर्लिंगचा उदारमतवाद्यांना मोठा कळवळा येतो. कारखानदाराचा हा मद्यपी पुत्र अपराध कबूल करतो. आलेला इन्स्पेक्टर तोतया ठरताच आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात, तरी तो शब्द फिरवीत नाही. एवढे श्रेय त्याला अवश्य द्यावे. परंतु त्यालाच नाटकाचा नायक ठरविणे ही मालकवर्गाची दृष्टी होय.

हिशेब मांडून पाहावा. नाटकाचा काळ १९१२ चा. त्यापूर्वी ईव्हा स्मिथ व तिच्या सोबतिणींनी आठवड्याला साडेबावीसऐवजी २५ शिलिंग वेतन मागितलेले असते. संप फसतो, बर्लिंग तिला कामावरून काढून टाकतो. पुढे एरिक दारूच्या नशेत तिच्यावर बळजबरी करतो, आणि ती गरोदर राहिल्यावर बापाच्याच कंपनीतून सुमारे ५० पौंड चोरून तिला ‘मदत’ करतो. ५० पौंड म्हणजे १,००० शिलिंग. ईव्हाला नाकारलेली अडीच शिलिंगांची वाढ ४०० आठवडे पुरली असती! पैसा चोरीचा आहे हे कळताच ती निराधार स्त्री तो नाकारते. मग नैतिक उंची कोणाची?

मजुरांनी अधिक वेतन का मागू नये, असे एरिक बापाला विचारतो खरा. पण ईव्हा मेल्यानंतर, घराच्या चार भिंतींत. मालकपुत्रांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: ईव्हाला वाचवू शकला असता तो यशस्वी झालेला संप.