दारूचा महसूल आणि उपचाराचा हक्क

महाराष्ट्रात दारूच्या व्यापाराचे नियमन ज्या कायद्याने होते, त्याचे नाव आजही दारूबंदी कायदा असेच आहे. तो १९४९ साली जुन्या मुंबई राज्यात संमत झाला. त्याच कायद्याच्या आधारे सरकार आज दुकानांना परवाने देते आणि उत्पादन शुल्कापोटी वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम तिजोरीत जमा करते. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने ही राज्याच्या हातात राहिलेली मोजक्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक बाब आहे. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शुल्कात वाढ केली, तेव्हा त्यातून वर्षाला सुमारे चौदा हजार कोटींची भर पडेल, अशी अपेक्षा व्यक्त झाली. ज्याच्या खिशातून हा पैसा येतो, तो माणूस आजारी पडल्यावर त्याच्या उपचाराचे काय, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत कोणी फारसा विचारला नाही.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे आता वैद्यकशास्त्रानेच नव्हे तर कायद्यानेही मान्य केले आहे. परंतु या आजाराचा रुग्ण उपचारापर्यंत पोचतच नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूवर अवलंबून झालेल्या ३८ माणसांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक असतो. क्षयाच्या वा हिवतापाच्या बाबतीत असे आकडे निघाले असते, तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडले असते.

उपचार न मिळण्याचे कारण रुग्णाची अनिच्छा हेच आहे, असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. दारू सोडण्याची इच्छा झालेल्या मजुरापुढे कोणता मार्ग असतो, हे पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, तर हातापायांना कंप सुटतो, झोप उडते. काहींना आकडी येते, भास होतात, वात होतो. वेळीच उपचार न झाल्यास यात मृत्यूही ओढवतो. अशा माणसाला घरातील खोलीत कोंडून ठेवणे, हा गावोगावी चालणारा उपाय म्हणूनच घातक आहे. हे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली जावे लागतात. त्यासाठी लागणारी औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि कोणत्याही जिल्हा रुग्णालयाला देता येण्यासारखी आहेत. खरा खर्च त्यापुढचा आहे. महिनाभर केंद्रात राहणे, समुपदेशन, कुटुंबाशी बोलणे, घरी परतल्यावर वर्ष-दोन वर्षे पाठपुरावा, आणि पुन्हा घसरण झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असा हा लांबचा पल्ला आहे.

खाजगी केंद्रात यासाठी दरमहा शुल्क द्यावे लागते. रोजंदारीवरील कुटुंबाला त्याखेरीज दुसरा भुर्दंड पडतो, तो बुडालेल्या मजुरीचा. शुल्क माफ झाले तरी महिनाभर घरात पैसा येत नाही आणि दुकानदाराची उधारी थांबत नाही. बाईच्या अंगावरचा उरलासुरला दागिना सावकाराकडे जातो तो येथे. तो यापूर्वीच दारूपायी गेला असेल, तर उपचाराचा विचारच सोडून द्यावा लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या आजाराचा खर्च करदात्यांनी का सोसावा? आक्षेप घेणारे हे विसरतात की, हा रुग्ण स्वतःच मोठा करदाता आहे. देशी दारूच्या प्रत्येक बाटलीमागे त्याने शुल्क भरलेले असते. व्यसन जडलेला माणूस किंमत वाढली म्हणून आधी दारू कमी करत नाही. आधी घरातले दूध, मुलांची वह्यापुस्तके आणि बायकोचे औषध कमी करतो. म्हणून शुल्कवाढीचा भार अखेर त्या घराच्या अन्नावर पडतो. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले, तर हा कर श्रीमंतापेक्षा गरिबावर कितीतरी जड आहे. अशा माणसाने आपल्या उपचाराची रक्कम सरकारकडे आगाऊ जमा केलेली आहे. तिची मागणी करणे म्हणजे भीक मागणे नव्हे. लाडक्या बहिणीच्या खात्यावर दरमहा पंधराशे रुपये जमा करणारी तिजोरी आणि तिच्या नवऱ्याच्या बाटलीवर शुल्क घेणारी तिजोरी एकच आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कायदा या बाबतीत रुग्णाच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी वा सरकारी अनुदानावरील संस्थांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, हा उपचार विनामूल्य मिळाला पाहिजे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसतील, तर रुग्णाने त्याच जिल्ह्यातील अन्य संस्थेत उपचार घ्यावेत आणि त्याचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वाप्रमाणे हे कलम मोघम नाही. ते अंमलात आणण्याजोगे आहे. आणले जात नाही, इतकेच.

प्रत्यक्षात राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. विम्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध झाला पाहिजे, असे २०१७ चा कायदा सांगतो. परंतु विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली विमापत्रांतील अपवादांची जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली, तीत मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन व कोणतेही व्यसन यांवरील उपचार वगळण्याचा स्वतंत्र अपवाद आहे. संसदेने एका हाताने दिलेले असे दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले.

सरकार मागे राहिले, तेथे काही माणसे पुढे झाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर मुक्तांगण सुरू केले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट एक पैसाही शुल्क न घेता ठिकठिकाणी बैठका भरवतात. या कार्याचे ऋण मोठे आहे. परंतु पुण्यातील एका नामवंत संस्थेच्या भरवशावर नंदुरबारच्या वा हिंगोलीच्या शेतमजुराला सोडून देण्याचा अधिकार सरकारला पोचत नाही. सेवाभावी संस्थेने वाट दाखवावी आणि सरकारने ती रस्त्याएवढी रुंद करावी, हा क्रम आहे.

समाजवादी चळवळीनेही या प्रश्नाकडे नव्याने पाहण्याची गरज आहे. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला, तेव्हापासून महाराष्ट्रातील परिवर्तनवाद्यांचा भर दुकान बंद करण्यावर राहिला. 'आडवी बाटली'साठी मतदान करणाऱ्या स्त्रियांनी हा वारसा गावोगावी जिवंत ठेवला. पण दुकान बंद झाल्याने व्यसनी माणूस बरा होत नाही. तो शेजारच्या गावाची वा हातभट्टीची वाट धरतो. हातभट्टीच्या वाटेवर काय वाढून ठेवलेले असते, ते २०१५ साली मालवणीत शंभरहून अधिक बळी घेऊन गेलेल्या विषारी दारूने दाखवले आहे. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गडचिरोलीत मात्र २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या द्वारे गावसंघटना आणि उपचार या दोहोंची सांगड घातली गेली. बंदीला उपचाराची जोड हवी, हा धडा त्यातून घ्यायचा.

अन्य राज्यांनी काही पावले टाकली आहेत. केरळात उत्पादन शुल्क खात्याच्याच 'विमुक्ती' मोहिमेतून जिल्ह्याजिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे चालतात. म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या खात्यावरच उपचाराची जबाबदारी येते. पंजाबात २०१७ पासून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर बाह्यरुग्ण दवाखान्यांतून विनामूल्य औषध दिले जाऊ लागले. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. वीस हजार कोटींचा एक टक्का म्हणजे दोनशे कोटी रुपये. छत्तीस जिल्ह्यांत ते सारखे वाटले, तर प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला साडेपाच कोटी येतात. त्यातून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र कक्ष, समुपदेशक आणि तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक बाह्यरुग्ण दिवस उभा करता येईल.

म्हणून पक्षाच्या मागण्या नेमक्या असाव्यात. दारूवरील शुल्काचा किमान एक टक्का भाग उपचारासाठी कायद्याने राखून ठेवावा. अठराव्या कलमाखालील खर्चाच्या भरपाईची पद्धत जिल्हानिहाय जाहीर करावी. विम्यातील व्यसनाचा अपवाद रद्द करण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. उपचार घेणाऱ्या रोजंदारी कामगाराच्या कुटुंबाला त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा.

हे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाखेच्या फलकावर लिहिलेला असावा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखण्याचे बंधन आहे; तेथील मनोविकार विभागात याची मागणी करावी. कोणत्याही केंद्रात रुग्ण नेण्यापूर्वी त्याची नोंदणी आहे काय, डॉक्टर नियमित येतात काय, पैशाची पावती मिळते काय, हे विचारावे. रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. तसे आढळल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. गांजा वा अन्य अमली पदार्थ घेणारे तरुण पोलिसांच्या भीतीने उपचार टाळतात. अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात स्वखुशीने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्याला १९८५ च्या कायद्याचे ६४ अ हे कलम संरक्षण देते, हे त्यांच्या पालकांना समजावून सांगावे.

आणि ज्याला सरकारी रुग्णालयातून परत पाठवले जाईल, त्या प्रत्येकाची तारीखवार नोंद शाखेने ठेवावी. अशा नोंदींची वही घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दारात गेलेले पन्नास लोक, उपचाराच्या हक्कावरील पन्नास भाषणांपेक्षा अधिक काम करतील.