नागपुरात एक झालेल्या सहा मंडळ्या

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना शेजारचे ख्रिस्ती कुटुंब 'ख्रिस्ती' या एकाच नावाने परिचित असते. त्या एका नावाखाली किती पंथ, किती उपासनापद्धती आणि किती जुने अभिनिवेश नांदत आले, याची कल्पना हिंदू घरांतून क्वचितच असते. ईश्वराची सेवा सर्वांनी मिळून करावी हे म्हणणे सोपे. ते घडवून आणण्याचा या देशातील एक मोठा प्रयत्न आपल्याच नागपुरात सिद्धीस गेला, हे मात्र नागपूरकरही विसरत चालले आहेत.

ज्यांच्या देवघरात पंचांग आहे त्यांना हा पंथभेदांचा प्रकार चटकन उमजेल. कधी कधी स्मार्तांची एकादशी एका दिवशी येते आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी. ख्रिस्ती जगात ईस्टरचे नेमके तसेच झाले आहे. इ. स. 325 मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरविले होते. पुढे 1582 साली पश्चिमेकडे पंचांग सुधारण्यात आले, पूर्वेकडील मंडळ्यांनी सणाची गणना जुन्याच पंचांगावर चालू ठेवली, आणि सण दोन झाले. त्या परिषदेस 2025 साली 1700 वर्षे पूर्ण झाली. योगायोग असा, की त्या वर्षी दोन्हींचा ईस्टर 20 एप्रिल या एकाच दिवशी आला. साहजिकच तिथी कायमची एक करावी हा विचार पुन्हा पुढे आला. परंतु एकादशीच्या भेदामुळे आपल्याकडे एका पंक्तीस बसणे थांबत नाही. ख्रिस्ती पंथांत मात्र एकाच्या पाळकाचा अधिकार दुसऱ्यास मान्य नाही, एकाच्या प्रभुभोजनास दुसऱ्याने बसावयाचे नाही, इथवर मजल गेली होती.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या वाट्यास हे भेद आले ते तत्त्वचिंतनातून नव्हे, तर नकाशावरून! परदेशी मिशनांनी एकमेकांच्या क्षेत्रात शिरू नये म्हणून मुलूख वाटून घेतले होते. नागपुरास 1845 साली स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, म्हणून येथील ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन झाले. चांद्यास बिशप मानणारा एपिस्कोपल पंथ, अहमदनगरकडे अमेरिकन काँग्रिगेशनल, तर डहाणूच्या बाजूस ब्रेदरन. चांद्याची मुलगी नागपुरास दिली, तर तिच्या श्रद्धेत तिळमात्र फरक न पडता तिचा पंथ बदलावा, असा हा व्यवहार होता. स्कॉटलंडातील वा अमेरिकेतील भांडणे येथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या का वाहावीत, असा प्रश्न एतद्देशीय ख्रिस्ती धुरीणांस पडला नसता तरच नवल.

उत्तर भारतातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी 1929 साली लखनौ येथे सुरू झाली आणि ती 41 वर्षे चालली. दक्षिणेत मद्रास येथे 27 सप्टेंबर 1947 रोजी ऐक्य साधले. उत्तरेस आणखी 23 वर्षे लागली. अखेर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची आधीच जुळलेली संयुक्त मंडळी, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा मंडळ्या एक झाल्या.

यात दोन गाठी अवघड होत्या. पहिली बाप्तिस्म्याची. तान्ह्या मुलास तो द्यावा, की जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीवर घ्यावा? दोन्ही मार्ग ग्राह्य धरून निवड कुटुंबावर सोपविण्यात आली. दुसरी गाठ अधिक नाजूक, कारण तीत मानापमान होता. बिशपांकडून दीक्षा घेतलेल्यांच्या दृष्टीने इतरांची दीक्षा अपुरी. इतरांना ही अट म्हणजे आपल्या आजवरच्या सेवेचा अवमान वाटे. तोडगा असा निघाला की, प्रतिनिधी पाळकांनी परस्परांच्या मस्तकी हात ठेवून प्रार्थना करावी आणि कोणाच्या अधिकारात काय उणे आहे याचा निवाडा न करता ते भरून काढण्याचे काम ईश्वरावर सोपवावे. ज्याची दीक्षा पूर्ण मानली जात होती, त्यानेही मस्तक नमवावयाचे होते. आम्हांस या साऱ्या इतिहासात हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

तथापि सर्वच आले नाहीत. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीने ऐन वेळी माघार घेतली. ती आजही स्वतंत्र आहे. नागपुरातच मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय चर्च परिषदेत मात्र ती इतरांसह बसते. आणि जे आले त्यांच्यातही मने जुळली तरी मालमत्ता जुळल्या असे झाले नाही. गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऐक्याचा ठराव केल्याने नोंदणीकृत संस्थेची मिळकत आपोआप दुसरीकडे जात नाही, त्यास कायद्याची रीत पाळावी लागते, असा निर्णय 2013 साली झाला. देवस्थानांच्या विश्वस्तांचे वाद आमच्याकडेही काही थोडे नाहीत. तेव्हा या प्रकरणाकडे परक्याची गंमत म्हणून पाहण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

ऐक्याच्या करारात जे जमले नाही ते सेवेच्या कामात पुष्कळदा आधी जमले. वेल्लोरचे रुग्णालय एका अमेरिकन पंथाच्या आयडा स्कडर यांनी सुरू केले. पुढे अनेक पंथांच्या मंडळ्यांनी ते मिळून चालविले. उपचारार्थ तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ते कोणत्या पंथाचे हे विचारण्याची कधी गरज पडलेली नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने ऐक्य, साक्ष व सेवा ही तीन पदे आपल्या बोधचिन्हावर घेतली. मिशनच्या काळातील शाळा, रुग्णालये आणि आता शहरांच्या मध्यभागी येऊन मोलाच्या झालेल्या जमिनी त्याच सेवेसाठी मिळाल्या होत्या. त्या कोणाच्या नावे असाव्यात यावर न्यायालयांत जितकी वर्षे जातात, तितकी वर्षे त्या वास्तू दुरुस्तीवाचून राहतात.