उचल कोणाची घ्यायची?

परवा रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन. हा प्राणी तुमच्या-आमच्यातलाच. पुण्यात आयटीत नोकरी, हप्त्यावर घेतलेला वन-बीएचके आणि वीकेण्डला कीबोर्ड. मूळ गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईजवळ.

"ताई, नोकरी सोडायलोय."

"का रे बाबा?"

"पिक्चर करायचाय. म्युझिकही माझंच."

विषय गावचाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातले कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे आमच्याकडे नुसतं हत्यार नाही, तर ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फेडायला ते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. या पोरांची गोष्ट त्याला सांगायचीय. त्याने दहा मिनिटांचं शूटिंग दाखवलं, त्यावरचं स्वतःचं संगीत ऐकवलं. सॉलिड होतं! त्यामुळेच मला टेन्शन आलं. वाईट असतं तर 'नको रे' म्हणणं सोपं होतं.

पैशाचं काय? एक फायनान्सर तयार होता, पण त्याला आयटम साँग हवं होतं. ऊसतोडीच्या पोरांच्या सिनेमात! दुसरा पर्याय, मामांची चार एकर कोरडवाहू जमीन. भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली आणि सिनेमाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, हे याला तोंडपाठ. पण जमीन विकूनही ज्यांचे सिनेमे डब्यात राहिले, त्यांच्या मुलाखती कोण छापतं?

मग मी त्याला सुधीर फडक्यांची गोष्ट सांगितली. बाबूजी म्हटलं की आपल्याला 1955 सालचं 'गीतरामायण' आठवतं, आईच्या कॅसेट आठवतात. पण ते निर्मातेही होते. ज्या 'हा माझा मार्ग एकला'मधून छोटा सचिन पडद्यावर आला, त्या 1963च्या सिनेमाची निर्मिती त्यांची. आणि मग आला 'वीर सावरकर'. विषयाबद्दल तुमचं मत काहीही असो, मी बोलतेय पैशाबद्दल. बाबूजींनी त्यासाठी लोकांपुढे झोळी धरली, कार्यक्रम केले. हा खटाटोप दहा वर्षांहून जास्त चालला. सिनेमा 2001च्या नोव्हेंबरमध्ये लागला, तेव्हा ते 82 वर्षांचे होते. पुढच्या जुलैमध्ये ते गेले.

आणखी एक उदाहरण दिलं. 1976च्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये दिले होते.

तो वैतागला. "म्हणजे मी बी ऐंशीचा होईपर्यंत थांबू काय?"

थांबू नकोस रे राजा. पण एक बघ. आपण 'इंडिपेंडंट' हा शब्द फार ऐटीत वापरतो. जणू कोणाचंच देणं नसलेला माणूस. असा माणूस सिनेमात नसतो. उचल सगळेच घेतात, प्रश्न एवढाच की कोणाकडून. फायनान्सरची घेतलीस तर तो गाणं मागणार. मामांची घेतलीस तर सिनेमा पडल्यावर त्यांच्याकडे बघायची तुझी हिंमत होणार नाही. लोकांची घेतलीस तर वर्षानुवर्षं हिशेब देत बसावं लागेल. बाबूजींनी यातलं तिसरं देणं पत्करलं. ते त्यांना पेललं, कारण आधीची कित्येक वर्षं त्यांनी गाण्यावर पोट भरलं होतं आणि त्याच गाण्यावर लोकांचा विश्वास कमावला होता.

फोनवर बराच वेळ शांतता. मला वाटलं, ठेवला.

"मग माझी उचल सध्या कंपनीकडूनच म्हणायची," तो म्हणाला. "पगार म्हणून."

राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे. कायमचा तिथे राहील असं मला वाटत नाही, आणि राहू नये असंही वाटतं. सातबाऱ्याला हात लावायचा नाही, हे मात्र त्याने कबूल केलंय. पुढच्या महिन्यात तो मित्रांबरोबर गाण्यांचा कार्यक्रम करतोय. तिकीट 200 रुपये, जमा सगळी सिनेमासाठी. मी दोन घेतली. एक माझं आणि एक मामांचं.

मामा येतील की नाही, माहीत नाही. पण तिकीट पोस्टाने गावी गेलंय.