इथे बोटाने सही करा

नात्यागोत्यात कुणाचा ऑनलाइन फॉर्म अडला की फोन माझ्याकडे येतो. मी काही संगणकतज्ज्ञ वगैरे नाही. पण एकदा एकाचं काम झालं, आणि तेव्हापासून मी घरचा वैद्य! पूर्वी तक्रारी पासवर्डच्या असायच्या. हल्ली सहीच्या असतात. "अगं, मी चार वेळा सही केली, तरी 'सही आवश्यक आहे' असंच म्हणतोय तो मेला!"

तर मंडळी, आधी उपाय सांगून टाकते, म्हणजे निम्मे फोन वाचतील. तो जो पांढरा चौकोन असतो, त्यात बोट फिरवून झाल्यावर खाली बहुधा 'जतन करा' किंवा 'ठीक' असं लहानसं बटण असतं. ते दाबल्याशिवाय फॉर्मच्या लेखी तुम्ही काहीच केलेलं नसतं. फोन आडवा करायचा तर सही करण्याआधी करा. मध्येच फिरवलात की चौकोन नव्याने आखला जातो आणि पुष्कळदा आतली सही पुसली जाते. बोट फिरवताना सहीऐवजी पानच वरखाली होत असेल, तर तो दोष फॉर्म बनवणाऱ्याचा, तुमच्या बोटाचा नव्हे. अशा वेळी संगणकावर बसून माऊसने सही करणं बरं. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर आलेला दुवा तिथल्या तिथे उघडू नका, क्रोममध्ये उघडा. आणि सही सगळ्यात शेवटी करा, कारण मध्येच चहा ठेवायला उठलात की वेळ संपते आणि सगळं पहिल्यापासून.

सहीचा फोटो चढवायचा असेल तर पांढरा कोरा कागद, काळी शाई, आणि कडेचा कागद कापून फक्त सही ठेवायची. बँकांच्या परीक्षांच्या फॉर्ममध्ये ही फाइल १० ते २० केबीमध्येच लागते आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांतली सही चालत नाही. आमच्या भाचरांना या दोन अटींनी जितकं छळलंय तितकं त्या परीक्षेच्या गणितानेही नसेल.

असो. मला खरं बोलायचंय ते त्या चौकोनाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की तो चौकोन म्हणजे नुसतं नाटक आहे. काचेवर बोटाने ओढलेली ती रेघ कुणाशी ताडून बघणार? माझी स्वतःची अशी सही माझ्याच चेकवरच्या सहीशी जुळत नाही. माझ्या मावशीचा हात कंप पावतो. तिला एका संस्थेच्या फॉर्मने तीनदा परत पाठवलं, कारण तिची सही 'अस्पष्ट' होती. ओटीपी तिच्या फोनवर आला होता, पॅन तिचा होता, फोटो तिचा होता. म्हणजे ती तीच आहे हे संस्थेला कळलं होतं. फक्त रेघ सुबक नव्हती! चौथ्या वेळी मावसभावाने तिचं बोट धरून गिरवलं आणि फॉर्म लगेच पास. आता सांगा, यातली कुठली सही मावशीची?

आपल्याकडे जुन्या कागदांत ही अडचण नव्हती. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगराची असे. कुणी त्याला 'नांगर अस्पष्ट आहे' म्हणून परत पाठवलं असेल असं वाटत नाही. कारण खरं बळ त्या चित्रात नव्हतं, भोवती बसलेल्या माणसांत होतं. आणि पत्र संपलं की शेवटी मोर्तब उमटवत. 'इथे या पत्राची मर्यादा' अशा अर्थाचा तो लहान शिक्का. त्याच्या खाली नंतर कुणी एक ओळ घुसडली तर ती उघडी पडणार.

खरी डिजिटल सही हे मोर्तबच आहे हो! तिच्यात तुमच्या हस्ताक्षराचा संबंधच नसतो. संगणक सगळ्या मजकुरावरून एक भलामोठा आकडा काढतो आणि तो तुमच्या गुप्त किल्लीने बंद करतो. नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी आकडा जुळत नाही आणि फसवणूक कळते. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. आधार क्रमांक आणि ओटीपी देऊन केलेली ई-सही २०१५ पासून आली. (तो ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. परदेशी गेलेल्या भावंडांनो, इकडचा जुना नंबर बंद पडू देण्याआधी विचार करा. दरवर्षी कुणीतरी याच्यात अडकतं.)

आणि याच खऱ्या सहीवर लोकांचा विश्वास बसत नाही! आधारची पीडीएफ उघडली की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि काकांचा फोन येतो, "हे बनावट आहे का गं?" बनावट नाही काका. तुमच्या संगणकाला ती सही देणाऱ्याची ओळख नाही, इतकंच. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, प्रश्नचिन्हावर उजवी टिचकी मारा, सहीच्या गुणधर्मांतून प्रमाणपत्रापर्यंत जा, साखळीच्या मुळाशी 'सीसीए इंडिया' आहे ना ते बघा आणि मगच ते विश्वासू यादीत टाका. हिरवी खूण येईल. पण ती पीडीएफ पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केलीत, तर सही गेली, चित्र उरलं. कागदावर छापलीत तरी तेच. आणि आपली कार्यालयं काय मागतात? तर डिजिटल सहीच्या कागदाची प्रिंट, वर शिक्का मारून! डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर पडताळणीसाठी क्रमांक असतो, तो टाकून कुणीही खातरजमा करू शकतं. पण खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, "तलाठ्याची सही आणा."

हे सगळं आज लिहायचं कारण आप्पा. परवा त्यांनी मला एक पीडीएफ पाठवली. मृत्युपत्र. एका फॉर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुना होता तो भरून, चौकोनात बोटाने झोकदार सही करून, मोठ्या अभिमानाने. वय ८१. त्यांची एकच इच्छा आहे. त्यांनी स्वतःच्या कमाईने गावी बांधलेलं घर आत्याला मिळावं. आत्याने लग्न केलं नाही, ती तिथेच राहते, तिला दुसरं छप्पर नाही.

आणि त्या पीडीएफचा काडीचा उपयोग नाही. मृत्युपत्र हे या ई-सहीच्या कायद्यातून २००० पासूनच वगळलेलं आहे. २०२२ मध्ये त्या यादीत काही बदल झाले, पण मृत्युपत्र तिथेच राहिलं. म्हणजे आप्पांच्या मागे कायदा समजणार की मृत्युपत्र नाहीच. मग घर काकू आणि मुलांचं. बायकामुलं असताना बहिणीला वाटा नाही. आमची भावंडं भली आहेत, पण सुना-जावई, नातवंडं, पुढचे बाजारभाव... मी कुणाची हमी देऊ?

सॉफ्टवेअरने शेवटी हिरवी खूण दाखवून 'अभिनंदन' म्हटलं होतं. याचा मला मनापासून राग आहे. सहीचा चौकोन कुठेही चिकटवता येतो म्हणून तो मृत्युपत्राखालीही चिकटवायचा, आणि हे इथे चालत नाही असं एक वाक्य लिहायचं नाही?

१९२५ चा भारतीय वारसा कायदा त्या मानाने किती समजूतदार आहे बघा. सही करा, नाही जमली तर अंगठा उमटवा. फक्त दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी तुम्हाला ते करताना पाहिलं असेल किंवा ज्यांना तुम्ही स्वतः 'ही सही माझी' असं सांगितलं असेल, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही (करावी मात्र जरूर).

आप्पांना फोन केला. थोडे हिरमुसले; इतकी छान सही वाया गेली म्हणाले. येत्या रविवारी मी जाणार आहे. साक्षीला समोरचे डॉक्टर आणि शाळेतले निवृत्त गुरुजी, म्हणजे ज्यांना त्या घरातली वीटही मिळायची नाही असे दोघे. आत्याला सांगायचं नाही असं ठरलंय, पण तिने मला आत्ताच फोन करून विचारलं, रविवारी जेवायला किती माणसं धरू?