हौसेची नौका, पुराची नौका

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराने वेढलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील हजारावर प्रवाशांची सुटका झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी नौकांचा त्यात मोठा वाटा होता. त्या नौका हाकणारी इंजिने आणि मुंबईच्या धनिकांच्या विहारनौकांची इंजिने एकाच कुळातली.

धनिकाला निवडीची चैन परवडते. टू-स्ट्रोक इंजिन हलके. पण जुन्या पद्धतीचे असेल तर तेल मिसळलेल्या पेट्रोलचा बराच अंश न जळताच पाण्यात सोडणारे. फोर-स्ट्रोक जड व महाग, मात्र कमी इंधनात भागवणारे. मोठ्या नौकेतील डिझेल इंजिन टिकाऊ. किंमत ऐकूनच डोळे पांढरे व्हावेत. शिवाय खाऱ्या पाण्याचा गंज, विमा, पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर काढणे. सप्टेंबर २०२५ पासून अशा नौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत.

उल्हास नदीकाठी हीच निवड प्राणांशी निगडित होते. येथे दोघांनी उचलून गल्लीत नेता येईल असेच इंजिन हवे, आणि गाळात, तारांत, प्लास्टिकमध्ये अडकू नये म्हणून त्याच्या पंख्याला जाळीचे कवच हवे. पण अकरा महिने पडून राहिलेल्या इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये पेट्रोल चिकट होते, आणि ऐन पुरात दोरी ओढून हात दुखतात. विहारनौकेच्या मालकाजवळ पगारी तंत्रज्ञ असतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांनी मिळून असा एक माणूस बारमाही नेमला, तर त्याचा पगार त्या ४० टक्क्यांतून का दिला जाऊ नये?