नकाशा पास झाला, घर नापास!

बेळगावच्या कुठल्याही नव्या वसाहतीतून संध्याकाळी एक फेरी मारा. तीस बाय चाळीसचे प्लॉट, त्यांवर शेजारी शेजारी उभी असलेली दुमजली घरे, पुढे ग्रॅनाइटचे खांब, स्टीलचे कठडे आणि मोटारीच्या किमतीची आठवण व्हावी असे गेट. आणि आत? दिवसाढवळ्या दिवा लावल्याशिवाय भाजी चिरता येत नाही असे स्वयंपाकघर, भिंतीला ओल धरलेली पश्चिमेची खोली आणि जिना चढवत नाही म्हणून हॉलमधल्या दिवाणावर मुक्कामाला आलेले आजोबा. भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने आणि वर वीस वर्षांचे बँकेचे कर्ज ओतून माणसाने हे विकत घेतलेले असते! याला नशीब म्हणायची आपली रीत आहे. मी म्हणतो, याला आपला कंजूषपणा आणि आळस म्हणावे.

कंजूषपणा कसा, ते पाहा. गेटसाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. फरशीचा रंग ठरवायला हुबळीपर्यंत जातो. पण ज्या कागदावरून हे सारे उभे राहायचे, त्या कागदाचे पैसे द्यायची वेळ आली की आपला हात खिशातच अडकतो. “नकाशाला एवढे कसले हो? चार रेघा तर मारायच्या!” मग रेघा मारणाराही चारच मारतो. मागच्या गिऱ्हाइकाचा नकाशा त्याच्याकडे तयारच असतो. दार इकडचे तिकडे केले, नाव बदलले, झाले काम. हल्ली तर तेवढेही कष्ट नाहीत. पुण्यातल्या भाच्याने मोबाइलवर एक चित्र पाठवायचे आणि आपण ते इंजिनिअरपुढे धरायचे, “अगदी असेच पाहिजे.” “होय की काका, करूया,” असे तो म्हणतो. तो तरी दुसरे काय म्हणणार? विचार करण्याचे पैसे त्याला कोणी देऊच केलेले नसतात.

पुण्याचा नकाशा इथे का चालू नये? कारण नकाशा हा खोल्यांचा नसतो, जागेचा असतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तो सरळ पडत नाही, भिंतीवर झोडपतो. जुन्या शहापुरातल्या मंगलोरी कौलांच्या घरांना पुढे सोपा आणि दोन-दोन फूट पाखे बाहेर काढलेली होती, ती काही शोभेसाठी नव्हती. आपण स्लॅब भिंतीबरोबर कापला, खिडकीवर बोटभर छज्जा ठेवला आणि आता दर दोन वर्षांनी ओल मारणारा रंग आणतो. उन्हाचेही तसेच. बेळगाव सोळा अंश अक्षांशाच्या जरा खाली येते. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि डिसेंबरात चांगलाच दक्षिणेला कलतो. म्हणजे दक्षिणेची खिडकी थंडीत ऊन देते आणि छोटासा छज्जाही तिला उन्हाळ्यात पुरतो. छळते ती पश्चिमेची भिंत. नेमकी तिथेच आपण झोपायची मोठी खोली काढतो आणि मग तिला वातानुकूलन यंत्र बसवतो.

“पण ती खोली नैर्ऋत्येलाच पाहिजे, वास्तुशास्त्रात आहे!” ठीक आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याने जरूर पाळावी, माझे त्याच्याशी भांडण नाही. नकाशा काढणाऱ्याला पहिल्याच बैठकीत तसे सांगावे, तो त्यातूनही वाट काढील. भांडण आहे ते जोते भरून झाल्यावर वास्तुतज्ज्ञाला बोलावणाऱ्यांशी. तो येतो, होकायंत्र ठेवतो आणि स्वयंपाकघर आग्नेयेला न्यायला सांगतो. मग स्वयंपाकघर जाते, पण नळ आणि मोरीचे पाइप जुन्याच जागी राहतात, आणि संडासाची खिडकी जेवणाच्या टेबलावर उघडते. मध्ये चौक असलेल्या ऐसपैस वाड्याचा हिशेब बाराशे चौरस फुटांत कोंबला की असेच होणार.

आता त्या जिन्याकडे वळू, कारण तिथे माणसांचे हाल होतात. मजल्याची उंची दहा फूट धरा. साडेसात इंचांची पायरी घेतली तर सोळा पायऱ्यांत काम भागते आणि मधल्या चौथऱ्यासकट जिना नऊ फुटांत बसतो. तीच पायरी सहा इंचांची केली तर वीस पायऱ्या होतात, पाऊल ठेवायला अकरा इंच जागा दिली तर जिन्याला सव्वाअकरा फूट लागतात. फरक किती? लांबीत सव्वादोन फूट, सगळी मिळून पंधरा-सोळा चौरस फूट जागा. एवढी जागा हॉलमध्ये शोकेसला दिली जाते! साठी ओलांडलेल्या बाईला विचारा, तिला शोकेस हवी की गुडघे. न्हाणीघराचे दार अडीच फुटांचे, त्यातून चौकट वजा जाता दोन फूट उरतात. चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. आणि जिन्याचे वळण इतके आखूड, की घरातल्या माणसाला शेवटचे खाली आणताना चौघांना वळता येत नाही. हे सणाच्या अंकात लिहू नये खरे, पण नकाशाच्या बैठकीत तरी कोणी बोलते का?

त्या बैठकीला असतो कोण? घरचा कर्ता पुरुष, त्याचा मेव्हणा आणि इंजिनिअर. जिचे आयुष्य त्या ओट्यापाशी जाणार, ती चहा घेऊन येते आणि आत जाते. आमच्या भागात त्याला आणखी एक पदर आहे. नकाशावरची अक्षरे इंग्रजी, महानगरपालिकेचा अर्ज कन्नडात, मेस्त्री अर्धे कन्नड अर्धे मराठी बोलणारा, आणि घरात बोलणे सगळे मराठी. या तीन भाषांच्या फटीतून घराची खरी गरज गळून जाते. ‘युटिलिटी’ असे लिहिलेल्या चार फुटांच्या पट्टीत भांडी घासायची, कपडे धुवायचे आणि सिलिंडरही ठेवायचा, हे सासूबाईंना कळते ते तिथे उभे राहिल्यावर. वाळवण कुठे घालायचे, गणपतीत पंचवीस पाने कुठे मांडायची, तुळस कुठे, हे नकाशात कुठेच नसते, कारण त्या भाषेत कोणी विचारलेलेच नसते. कन्नड शेजाऱ्याच्या घरीही हीच कथा आहे बरे का, त्यात भाषेचा दोष नाही. कागद वाचून दाखवायला लावायची आपल्याला लाज वाटते, हा दोष.

आणि सर्वांत मोठे ढोंग म्हणजे दोन नकाशे. एक पास करण्यासाठी, दुसरा बांधण्यासाठी. पहिल्यात चारी बाजूंना नियमाप्रमाणे मोकळी जागा, दुसऱ्यात ती गिळलेली. शेजारीही तेच करतो. परिणामी दोघांच्या खिडक्या हातभर अंतरावर एकमेकींकडे पाहत बसतात. मग त्या कायमच्या बंद होतात आणि दिवसा दिवे लागतात. पुढे कर्ज वाढवायला किंवा घर विकायला गेलो की बँकेचा माणूस मंजूर नकाशा हातात घेऊन भिंती मोजतो, तेव्हा आपण सरकारला शिव्या देतो!

“सामान्य माणसाला आर्किटेक्ट परवडतो का?” असा प्रश्न येणार, ठाऊक आहे. १९७२च्या कायद्याने आर्किटेक्ट हे बिरुद नोंदणी झालेल्यांपुरते राखले, पण नकाशा काढण्याचे काम इतरांना बंद केलेले नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तेव्हा पदवीचा आग्रह मी धरीत नाही. जाणता इंजिनिअरही चांगले घर देतो. लॉरी बेकर यांनी केरळात वर्षानुवर्षे स्वस्त घरे बांधली, नुसत्या विटांची, गिलावा टाळून, स्लॅबमध्ये जुनी कौले घालून काँक्रीट वाचवून. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात बेलापूरला छोट्या छोट्या प्लॉटांवर घरे रचली, तीही प्रत्येकाला स्वतःचे अंगण ठेवून. दोघांनी पैसा वाचवला तो डोके खर्चून. आपण डोके वाचवतो आणि पैसा खर्चतो.

म्हणून एवढे तरी करा. घराचा उभा छेद मागा, दारे-खिडक्यांची मापे, नळ आणि विजेचे वेगळे नकाशे मागा, आणि त्याचे वेगळे पैसे हसत द्या. मग फक्की घेऊन सगळा नकाशा प्लॉटवर खऱ्या मापाने आखून घ्या. आजीला, सुनेला, शाळेतल्या पोराला त्यात चालू द्या. पलंगाच्या जागी सतरंजी अंथरा आणि बाजूने जाता येते का ते पाहा. रेघ पुसायला पाच मिनिटे लागतात. आणि हे सगळे सकाळी गारव्यात उरकू नका. इंजिनिअरला दुपारी तीन वाजता बोलवा, मे महिन्यात, आणि पश्चिमेची भिंत जिथे येणार तिथे त्याला उभा करून विचारा, “साहेब, इथे कोण झोपणार म्हणालात?”